कालव्यावरील पूल आणि काठाची वाट मॉडेलमध्ये खरी कशी वाटेल?

रुळवेडा, रत्नागिरी
नमस्कार. मी आगगाडीच्या मॉडेलसाठी ओओ स्केलमध्ये, म्हणजे १:७६ प्रमाणात, इंग्लंडमधील एका लहान स्थानकाची मांडणी करीत असून तिच्या एका कोपऱ्यात कालवा आणि त्यावर विटांच्या कमानीचा रस्त्याचा पूल घेतला आहे. पूल जाड पुठ्ठ्याचा केला, विटाही कोरल्या. तरी तो वहाळावरच्या साकवासारखाच दिसतो. मापे कोणती धरावीत? आणि काठाच्या वाटेसाठी अंगणातली तांबडी माती चाळून वापरली तर चालेल का?

खाडीकाठ
आपण कमान पाण्याच्या बरोबर मध्यावर घेतली असावी. साकवाखालून फक्त पाणी जाते. तिकडच्या कालव्यांत मात्र बोटी घोडे ओढत असत, त्यामुळे कमानीखालून पाण्याबरोबर घोड्याची वाटही न्यावी लागे आणि कमानीचा मध्य त्या वाटेकडे सरकलेला असे. अरुंद कालव्यांतील बोट सुमारे ७ फूट रुंद आणि फार तर ७० फुटांच्या आसपास लांब. आपल्या प्रमाणात २८ आणि २८० मिलिमीटर. मोकळ्या भागात दोन बोटी शेजारून जातील एवढे पात्र ठेवावे, पण पुलाखाली ते जेमतेम एका बोटीपुरते आवळावे, कारण लहान कमान बांधायला स्वस्त पडे. हे साधले नाही, तर विटा कितीही सुबक कोरल्या तरी फुकट.

दुसरे म्हणजे, बोट ओढायच्या ओल्या दोराला चिकटलेल्या रेतीमुळे कमानीच्या वाटेकडील कोपऱ्यांवर खोल खाचा पडत, म्हणून तेथे पुढे लोखंडी पट्ट्या बसवल्या गेल्या. बारीक गोल कानशीने त्या कडेवर तीन-चार खाचा द्याव्यात. मात्र त्या एकसारख्या नकोत. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरील काही पुलांना तर मधोमध फटच आहे, घोडा न सोडता दोर तिच्यातून काढता यावा म्हणून!

चिरेबंदी
तांबडी माती नको. जांभ्याचा तो रंग पाहताक्षणी कोकण आठवेल. चुलीतली राख चाळून त्यात चिमूटभर माती मिसळावी आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरावी. पाण्यालगतच्या कडेला गवत दाट ठेवावे. किनाऱ्यावरची वाळू मुळीच वापरू नये, कारण तिच्यातले मीठ ओल धरते आणि शेजारचे रूळ खराब होतात. पाण्यासाठी इपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारी पारदर्शक राळ) घेणार असाल, तर भर पावसात ओतू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकी, चिकट साय धरते. तळाला गढूळ हिरवट-तपकिरी रंग देऊन वर चकचकीत वॉर्निशचे पातळ थर दिले तरी पुरते. लाटा काढू नयेत, कालव्याचे पाणी जवळजवळ स्थिर असते.

रुळवेडा, रत्नागिरी
दोघांचेही आभार. पुढे आगगाडीही हाच कालवा ओलांडते. तो पूलही असाच कमानीचा, मधे उंचवट्याचा करावा का?

खाडीकाठ
नको, रुळांना तसा उंचवटा चालत नाही. तिकडचे बहुतेक कालवे रेल्वेच्या आधीचे, त्यामुळे नंतर आलेल्या रेल्वेला खालची बोटींची ये-जा राखूनच पूल बांधावा लागे. दोन्ही बाजूंना विटांचे खांब आणि वर सपाट लोखंडी तुळया घ्याव्यात. फक्त वाटेकडचा खांब घोड्याच्या वाटेपलीकडे उभा करावा.