मदत हवी आहे: चेन ओढून नेली, ३०४ लावलंय. ३०९ का नाही?

कावलेला: आईची चेन ओढून नेली. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचं नुसतं कलम ३०४, म्हणजे हिसकावून चोरी. फौजदार म्हणतात, "स्नॅचिंगच आहे, बरोबर लावलंय." मला ३०९ हवंय, जबरी चोरीचं. काय करू? लवकर सांगा, सकाळी परत जायचंय.

आडवाट: घटना कधीची? १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं आयपीसी, जबरी चोरीला ३९२.

कावलेला: परवाची. ३०४ लिहिलंय म्हणजे नवाच कायदा ना!

खटपट्या: सीईआयआरवर, म्हणजे चोरीचे मोबाईल बंद करायच्या सरकारी पोर्टलवर जाऊन मोबाईल आधी ब्लॉक करा.

कावलेला: मोबाईल नाही हो. चेन!

काळा कोट: आईला लागलं का? कसं? ३०४ मध्ये जोर लावून हिसकावणंही येतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. ३०९ ला चोरीसाठी किंवा माल नेताना इजा, अडवणूक, नाहीतर तत्काळ इजेची भीती लागते. तिथे १० वर्षांपर्यंत.

दणका: दोघं होते ना बाईकवर? मग सरळ दरोडा लावा.

काळा कोट: दरोड्याला किमान पाच जण लागतात, कलम ३१०.

दणका: पेपरात रोज छापतात ते काय खोटं? आणि रात्री असेल तर १४ वर्षं.

काळा कोट: पेपरवाले एकट्यालाही दरोडेखोर करतात. १४ वर्षं नुसत्या रात्रीला नाहीत, सूर्यास्तानंतर आणि तेही हमरस्त्यावर जबरी चोरी झाली तर.

कावलेला: गल्लीतच झालं, संध्याकाळी. चेन तुटली, अर्धी आईच्या मुठीत राहिली. मागे बसलेल्याने बोटं पिरगाळून तीही काढून घेतली. करंगळी सुजलीय, गळ्यावर ओरखडा.

काळा कोट: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ओरखडा ओढताना झाला म्हणून ३०४ वर भागवतील. बोटं मात्र माल सोडवायलाच पिरगाळली. फिर्यादीत आहे का ते?

कावलेला: नाही. "चेन खेचून पळून गेले" एवढंच. आई तेव्हा थरथरत होती.

काळा कोट: मग कलमावरून हुज्जत नको. आईचा पुरवणी जबाब घ्या म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. करंगळी सरकारी दवाखान्यात दाखवा, सूज उतरायच्या आत. तपासात कलम वाढवता येतं. इजा सिद्ध झाली तर ३०९(६), ते जन्मठेपेपर्यंत जातं.

सोनचाफा: एवढं सोनं घालून बाहेर पडायचंच कशाला, म्हणते मी.

कावलेला: ताई, धागा कलमाचा आहे. कोटसाहेब, पोच म्हणजे शिक्का मारलेली प्रत ना?

आडवाट: हो. दोन प्रती न्या, नाहीतर झेरॉक्स शोधत फिराल.