सातव्या महिन्यात कोरोना झाला होता, लेकीला पुढे त्रास होईल का?

एप्रिल 2021. मानेवाड्यात घरीच होते, ताप 103, ऑक्सिजन 93. जूनअखेर लेक झाली, अडीच किलोची. आता दिवसभर बडबडते. पण 1918 च्या फ्लूच्या साथीत पोटात असलेल्या मुलांबद्दल वाचलं अन् झोपच उडाली. कोणाला नीट माहीत आहे का?

उत्तर १
ताई, तो अर्थतज्ज्ञ डग्लस आल्मंड यांचा 2006 चा अभ्यास. अमेरिकेच्या जनगणनेत 1919 साली जन्मलेल्यांचं शिक्षण अन् कमाई कमी, अपंगत्व जास्त दिसलं. पण नंतरच्या संशोधकांनी दाखवलं, की बऱ्या घरचे तरुण पहिल्या महायुद्धावर गेल्यानं त्या वर्षीचे बाप तुलनेनं गरीब घरचे होते. ते धरलं की फरक बराच आटतो. शिवाय ही सरासरी आहे, तुमच्या लेकीची पत्रिका नाही.

उत्तर २
पोरी, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तपासणी फुकट. माझ्या नातवाला कमी ऐकू येतं, हे तिथंच कळलं. कोरोनाचं आठवणीनं सांग.

मूळ प्रश्नकर्ती
सोमवारीच विचारते, काकू. त्या रात्री हे गच्चीवर उभे राहून सिलिंडरसाठी फोन लावत होते. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.