याकिनिकू : जपानी की कोरियन?

प्रश्न :
ओसाकातील त्सुरुहाशी स्थानकावर उतरताच भाजलेल्या मांसाचा वास येतो. तेथील याकिनिकूच्या, म्हणजे टेबलावरील शेगडीवर मांस भाजून खाण्याच्या, हॉटेलांत कारुबी (बरगडीचे मांस), नामुरू (मसाला लावलेल्या भाज्या), किमुची (किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी), कुप्पा (सूपभात) अशी कोरियन वळणाची नावे आढळतात. तरीही माझे जपानी सहकारी याकिनिकूला आपलेच मानतात आणि कोरियन मित्र मात्र ‘असे आमच्याकडे नसते’ म्हणतो. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

प्रतिसाद १ :
याकिनिकू जपानमध्ये घडले, परंतु ते घडवले तेथे स्थायिक झालेल्या कोरियन लोकांनी. मांसाहारावर शतकानुशतके निर्बंध असलेल्या जपानमध्ये 1872 मध्ये सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्यानंतर ते रुळू लागले खरे, पण मुख्यतः ग्यूनाबे, सुकियाकी अशा पातेल्यात शिजवलेल्या रूपात. कोरिया जपानच्या ताब्यात असताना (1910 ते 1945) मजुरीसाठी आलेली असंख्य कुटुंबे ओसाकात राहिली आणि युद्धोत्तर टंचाईत त्यांनी स्वस्त आतडी व कलेजी निखाऱ्यांवर भाजून विकली. आपल्याकडची वजडी आठवावी! ओसाकातील शोकुदोएन आणि टोकियोतील मेइगेत्सुकान ही दोन्ही हॉटेले 1946 सालची असून आद्यत्वाचा मान दोघांकडेही दिला जातो.

प्रतिसाद २ :
वरील माहितीत थोडी भर घालतो. अशा आतड्यांना जपानीत ‘होरुमोन’ म्हणतात आणि हा शब्द ओसाकाच्या बोलीतील ‘होरु मोनो’, म्हणजे टाकून द्यायची वस्तू, यावरून आला असे सर्रास सांगितले जाते. मला ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते, कारण शक्तिवर्धक अन्न या अर्थाने ‘हार्मोन’वरून आलेला तो शब्द युद्धापूर्वीही खाद्यपदार्थांसाठी वापरात होता.

प्रतिसाद ३ :
खरा फरक ताटात दिसतो. कोरियात गाल्बी (कारुबीचे मूळ कोरियन रूप) किंवा बुलगोगीचे (पातळ कापांचे) मांस आधीच मसाल्यात मुरवतात, तर जपानमध्ये घासाएवढे तुकडे भाजून झाल्यावर ‘तारे’ या सोया सॉसच्या गोडसर मिश्रणात बुडवतात. कोरियात मोठा तुकडा शेगडीवरच कात्रीने कापतात, सॅलडच्या पानात गुंडाळून खातात आणि सोबतच्या किमचीचे वेगळे पैसे पडत नाहीत. पुढे 1980 मध्ये नागोयाच्या शिंपो कंपनीने धूर खाली ओढून घेणारी शेगडी आणली, तेव्हा कपड्यांना वास लागण्याच्या भीतीने दूर राहणारी गिऱ्हाइकेही येऊ लागली.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. किमुचीच्या चार फोडींचे पैसे बिलात पाहून मित्र का चिडला होता, ते आता कळले.