मदत हवी आहे: टीव्हीवर चित्र येतं, रंग येत नाहीत

जुन्या ग्राफिक्स कार्डाचं एस-व्हिडिओ आउटपुट (उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांवर देणारं) साध्या अडॅप्टरने टीव्हीच्या पिवळ्या एव्ही जॅकला (दोन्ही एकाच तारेवर घेणाऱ्या) जोडलंय. चित्र स्थिर, पण कृष्णधवल; मॉनिटरवर रंग व्यवस्थित. ड्रायव्हरमध्ये एनटीएससीऐवजी पाल (दोन्ही टीव्हीच्या रंगपद्धती) निवडलं, फरक शून्य. अडॅप्टर उघडला तर पिन 3 (उजेडाचा सिग्नल) जोडलेली, पिन 4 (रंगाचा) मोकळीच! म्हणजे रंग टीव्हीपर्यंत पोचतच नाहीत.

पिन 3 आणि 4 मध्ये 470 पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकून दोन्ही सिग्नल एकत्र करतात, हे माहीत आहे. कुणी केलंय का? बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत ठिपके फार येतात का? टीव्हीला स्कार्टही (21 पिनांचा युरोपीय सॉकेट) आहे: पिन 20 वर उजेड, 15 वर रंग. फक्त मेनूत इनपुट 'एस-व्हिडिओ' हवं, नाहीतर पुन्हा कृष्णधवलच. वाचण्याजोग्या अक्षरांसाठी कोणता मार्ग बरा?