लिंटचा नियम मोडला की मर्ज अडवायचं का?

अर्धविराम:
टाइपस्क्रिप्टच्या कोडबेसमध्ये लिंटचा (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या टूलचा) नियम 'वॉर्न'वर, म्हणजे नुसत्या इशाऱ्यावर, ठेवणं आणि न ठेवणं सारखंच, असं माझं ठाम मत आहे. टर्मिनलवर रोज शेकडो वॉर्निंग दिसत असतील तर नवी आलेली कोणाच्या नजरेस पडणार? नियम पटत असेल तर 'एरर' करा, नसेल पटत तर काढून टाका. सीआयमध्ये (कोड पाठवला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) ईएसलिंट हे लिंटचं टूल 'मॅक्स-वॉर्निंग्ज' शून्य ठेवून चालवा, टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'स्ट्रिक्ट', म्हणजे कडक टाइप-तपासणी, चालू करा, आणि दोन्ही पास झाल्याखेरीज मर्ज (मुख्य कोडमध्ये मिसळणं) होऊ देऊ नका.

एक उदाहरण देतो. ट्राय-कॅचच्या (एरर पकडणाऱ्या ब्लॉकच्या) आत असिंक, म्हणजे निकाल नंतर देणारं, फंक्शन कॉल केलं आणि अवेट (त्या निकालासाठी थांबणं) राहून गेलं, तर त्याचं रिजेक्शन (अपयश) त्या कॅचपर्यंत पोहोचतच नाही. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १५ व्या आवृत्तीपासून असं न पकडलेलं रिजेक्शन डिफॉल्टने अख्खी प्रोसेस पाडतं. रिव्ह्यूत हे निसटतं, कारण ओळ दिसायला बरोबर असते. 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' हा नियम तिथेच बोट ठेवतो.

निरगाठ:
त्या नियमाबद्दल वाद नाही. सरसकट 'एरर' करण्याला माझा विरोध आहे.

'मॅक्स-लाइन्स-पर-फंक्शन'ची डिफॉल्ट मर्यादा ५० ओळी. हा नियम मर्ज अडवायला लागला की ८० ओळींचं, वरून खाली सरळ वाचता येणारं फंक्शन मधोमध तोडलं जातं आणि उरलेल्या अर्ध्याला सहा पॅरामीटर चिकटवले जातात. 'कॉम्प्लेक्सिटी'ची (फंक्शनमधल्या फाट्यांच्या मोजणीची) मर्यादा २०; पंचवीस केसेसचा साधा स्विच तिथे नापास होतो आणि तीन पातळ्यांचे गुंतलेले इफ पास होतात. आकडा पाळला गेला, कोड मात्र वाईट झाला.

'एनी'वर ('टाइप तपासूच नको' असं सांगणाऱ्या टाइपवर) बंदी घातली तर काय होतं तेही बघा. लोक 'ॲज अननोन ॲज ऑर्डर' (हे 'ऑर्डर' टाइपचं आहे असं धर) लिहून मोकळे होतात. 'एनी' निदान सर्च करून सापडतं. हे कास्टिंग मात्र खऱ्या टाइपच्या वेषात पुढे जातं, आणि कंपायलर त्यावर विश्वास ठेवतो.

अर्धविराम:
@निरगाठ, ओळी मोजणारे नियम काढा, त्याबद्दल माझी हरकत नाही. 'एनी'बद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ते एका जागी थांबत नाही. जेसन मजकुरातून डेटा काढणारं जेसन-पार्स 'एनी' परत करतं, त्यातून काढलेली प्रत्येक प्रॉपर्टी 'एनी', ती ज्या फंक्शनमधून रिटर्न होते त्याचा अनुमानित टाइपही 'एनी'. कोणी हा शब्द टाइप केलेलाच नसल्यामुळे 'नो-एक्स्प्लिसिट-एनी' गप्प राहतो. म्हणून असं 'एनी' पुढे वापरणं पकडणारे 'नो-अनसेफ-असाइनमेंट' आणि 'नो-अनसेफ-मेंबर-ॲक्सेस' लागतात. उपाय कास्टिंग नव्हे. बाहेरून आलेला डेटा 'अननोन' (तपासल्याशिवाय वापरू न देणारा टाइप) म्हणून घ्या, झॉडसारख्या लायब्ररीच्या स्कीमातून (डेटा कसा असावा याच्या वर्णनातून) तपासा आणि मगच आत सोडा. सीमेवर एकदा तपासलं की आत कास्ट करायची वेळ क्वचितच येते.

कोरा_कागद:
पायथॉनवाल्यांसाठी थोडक्यात: मायपाय हे टाइप तपासणारं टूल डिफॉल्टने टाइप न लिहिलेल्या फंक्शनच्या आतला कोड तपासतच नाही. 'सक्सेस' दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. किमान 'चेक-अनटाइप्ड-डेफ्स' चालू करा.

तळटीप:
दोघांच्याही बोलण्यात वेळेचा मुद्दा आला नाही. टाइपची माहिती लागणारे नियम चालवायचे तर ईएसलिंटला टाइपस्क्रिप्टकडून संपूर्ण प्रोग्रॅमचे टाइप घ्यावे लागतात, त्यामुळे मोठ्या रेपोत बराच वेळ जातो. ते प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) घातले की लोक हुक टाळणारं 'नो-व्हेरिफाय' वापरायला शिकतात, आणि एकदा ती सवय लागली की हुकमधल्या चांगल्या तपासण्याही जातात. हुकमध्ये फक्त स्टेज केलेल्या (कमिटसाठी निवडलेल्या) फाइल्स, फॉरमॅटिंग आणि हलके नियम ठेवा. जड नियम एडिटरमध्ये आणि सीआयमध्ये. फॉरमॅटिंग तर प्रिटियरसारख्या टूलकडेच द्या. ईएसलिंटने २०२३ मध्ये स्वतःचे फॉरमॅटिंगचे नियम डेप्रिकेट केले आहेत, म्हणजे ते यापुढे वापरू नका असं सांगितलं आहे.

निरगाठ:
@अर्धविराम, नव्या प्रकल्पात हे सगळं छान. जुन्या कोडवर 'स्ट्रिक्ट' एकदम चालू केलं की हजारो एरर येतात आणि मग जिकडेतिकडे 'टीएस-इग्नोर' (पुढच्या ओळीचा एरर दडपणारी कॉमेंट) आणि उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह म्हणजे 'हे नल (रिकामं मूल्य) नाही' असं कंपायलरला नुसतं सांगणं, तपासणं नव्हे. आधी 'नो-इम्प्लिसिट-एनी', मग 'स्ट्रिक्ट-नल-चेक्स', असं एकेक फ्लॅग घेत जा. शिवाय 'स्ट्रिक्ट'मध्ये सगळं येतं हाही गैरसमज आहे: ॲरेच्या हद्दीबाहेरच्या इंडेक्सवर अनडिफाइंड मिळू शकतं, हे 'नो-अनचेक्ड-इंडेक्स्ड-ॲक्सेस' वेगळं चालू केल्याशिवाय कंपायलर धरत नाही.

अर्धविराम:
क्रम मान्य. पण त्यासाठी दार उघडं ठेवायची गरज नाही. ईएसलिंट ९.२४ पासून 'सप्रेस-ऑल' आहे: आत्ताची उल्लंघनं फाइलनिहाय आणि नियमनिहाय मोजून एका जेसन फाइलमध्ये नोंदली जातात, आणि संख्या वाढली की बिल्ड पडतं. जुनं दुरुस्त झालं की 'प्रून-सप्रेशन्स' चालवून नोंद कमी करायची. टाइपच्या एररसाठी 'टीएस-इग्नोर'ऐवजी 'टीएस-एक्स्पेक्ट-एरर' वापरा. मूळ एरर गेला की ती कॉमेंटच एरर देते, म्हणून शिळी होऊन पडून राहत नाही.

निरगाठ:
ती जेसन फाइल चांगली आहे, पण तिच्यात भर घालणारी पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याची विनंती) मंजूर कोण करणार हे ठरलेलं हवं. नाहीतर सीआय लाल झालं की पुन्हा 'सप्रेस-ऑल' मारायचं, फाइल कमिट करायची, आणि सीआय हिरवं. कोड-ओनर्समध्ये (कोणत्या फाइलला कोणाची मंजुरी लागते त्या यादीत) त्या फाइलला आणि ईएसलिंटच्या कॉन्फिगला वेगळा मालक द्या. हे होत नसेल तर मर्ज अडवण्याला माझी संमती नाही.