मदत हवी आहे: वणव्यात गेलेल्या तिघांची नावं कशी घ्यावीत, आणि दिवा लावावा का?

रामबागेतला

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, लिहायची वेळ आज आली. आमचं मराठी थोडं हिंदीच्या वळणाचं असतं, सांभाळून घ्या.

बाबा ७९ वर्षांचे. मध्य प्रदेशच्या जंगल खात्यात होते, डेप्युटी रेंजर म्हणून रिटायर झाले. आमच्या आसपास अशी पाच-सहा मराठी घरं आहेत, प्रत्येक घरात कुणीतरी खाकीत आयुष्य काढलेलं. ही मंडळी दर ११ सप्टेंबरला कुणाच्या तरी ओसरीवर जमतात. सरकार त्या दिवशी राष्ट्रीय वनशहीद दिन पाळतं, १७३० साली खेजडलीत झाडांसाठी मेलेल्या ३६३ बिष्णोईंच्या आठवणीत. आमच्या ओसरीवर मात्र तो तीन माणसांचा दिवस असतो. खरी तारीख मे महिन्यातली, पण मेमध्ये सगळे लग्नांत अडकलेले, म्हणून सप्टेंबर.

१९८६ सालची गोष्ट. मी सहावीत होतो. बाबांची रेंज निमाडच्या बाजूला, तिचं नाव लिहीत नाही. एका टेकडीवर आग लागली. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तशीच कुणीतरी लावलेली असणार. एक फॉरेस्ट गार्ड आणि दोन फायर वॉचर वरच्या अंगाला, आग पुढे सरकू नये म्हणून, गवत-पाला काढून पट्टा साफ करत होते. दुपारी वारा फिरला आणि आग नाल्यातून वर चढली. बाबा म्हणतात, वणवा उताराला रांगतो आणि चढाला पळतो. वरचं गवत ज्वाळा पोहोचायच्या आधीच तापून तयार असतं. तिघंही वर होते.

गार्ड पक्क्या नोकरीतला. त्याचं नाव एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर संगमरवरात कोरलं आहे. वॉचर दोघं रोजंदारीवर, त्यांची नावं कुठेच नाहीत. आहेत ती फक्त बाबांच्या ट्रंकेत, मस्टररोलच्या एका कार्बन कॉपीवर. मी काल तो कागद पहिल्यांदा नीट पाहिला. नाव, बापाचं नाव, गाव, मग दिवसांचे चौकोन. एक ते नऊ तारखेपर्यंत हजेरीच्या खुणा, दहापासून शेवटपर्यंत आडवी रेघ. कडेला मागच्या पंधरवड्याच्या मजुरीचा जांभळा अंगठा, जरा घसरलेला. माणूस घाईत असावा.

यंदा बाबांना तिघांची नावं मोठ्यानं घ्यायची आहेत. आजवर नुसतं शांत बसून चहा पिऊन उठायचे. आता जमणारे दरवर्षी कमी होतायत, म्हणून घाई. मला मदत हवी आहे ती अशी:

नावं कुठल्या क्रमानं घ्यायची? आमच्यातलेच एक काका म्हणाले, आधी गार्ड, मग बाकीचे, 'पदाप्रमाणे'. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बोललेच नाहीत.

वॉचरांच्या घरच्यांना शोधायचं का? इतक्या वर्षांनी जाऊन दार वाजवायचं?

तिसरं सगळ्यात अवघड. फोटोपुढे समई लावू म्हटलं तर बाबा म्हणाले, 'आगीत गेलेल्यांपुढे आग ठेवणार?' आई म्हणते, दिव्याशिवाय कसं? दोघांत अबोला आहे.

कडुलिंब

दादा, तिघंही शहीदच. तसंच बॅनरवर लिहा, 'अमर शहीद', आणि महापौरांना बोलवा. पेपरात येईल, मग खात्याला भिंतीवर नावं लावावीच लागतील. गुपचूप करून काय मिळणार?

रामबागेतला

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, बॅनर लागला की हारांचा ढीग होतो आणि मस्टर कोणी बघत नाही. पण तुमचा पेपरचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तो वेगळा लढा, या संध्याकाळीत नको.

टॉर्चवाला

मी नागपूरचा, खात्यात आहे, म्हणून नावानं लिहीत नाही. पदाप्रमाणे क्रम लावायच्या आधी बिनसर आठवा. १३ जून २०२४, उत्तराखंडातला अल्मोडा जिल्हा. गाडीतून आग विझवायला गेलेल्या आठ जणांना वाऱ्यानं उलटलेल्या आगीनं गाठलं. चौघं जागीच गेले: एक बीट अधिकारी, एक फायर वॉचर, एक प्रांतीय रक्षक दलाचा जवान, एक रोजंदारी कामगार. चार माणसं, चार तऱ्हेच्या नोकऱ्या, एकच उतार. भाजलेल्या चौघांना दिल्लीला नेलं, त्यांतलेही सगळे वाचले नाहीत.

आजही वॉचर म्हणजे चार महिन्यांचा माणूस. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात, तेवढ्यापुरता. उपग्रहावरून मोबाइलवर अलर्ट येतो, आम्ही कौतुकानं बघतो. पण तिथे चालत जाऊन हिरव्या डहाळीनं आग झोडपणारा तोच असतो.

वयाप्रमाणे घ्या, सगळ्यात धाकटा आधी.

वाळवंटी

अमेरिकेतल्या फिनिक्सहून लिहितोय. इंदूरचाच आहे, मल्हारगंजातला. तुमचं वाचून आज दुपारी डबा तसाच राहिला.

इथून दोनेक तासांवर प्रेस्कॉट गाव आहे (इथले लोक 'प्रेस्किट' म्हणतात, पाहुण्यांना त्यावरूनच ओळखतात). तिथल्या अग्निशमन दलाची जंगलातल्या आगींसाठी वीस जणांची तुकडी होती, ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स. २८ जून २०१३ ला यार्नेल या खेड्याजवळ वीज पडून आग लागली. ३० जूनला संध्याकाळी वादळाचा वारा आला, आगीनं दिशा बदलली आणि १९ जण एका खोलगट जागेत सापडले. प्रत्येकाजवळ अंगावर ओढून घ्यायचा अॅल्युमिनियमचा छोटा तंबू असतो, तो त्यांनी ओढलाही. थेट ज्वाळा आल्या की तो टिकत नाही. विसावा माणूस टेहळणीवर वेगळ्या जागी होता, तेवढा वाचला.

मी तेव्हा नवीन होतो. ७ जुलैला फिनिक्सहून १९ शववाहिका एकामागे एक निघाल्या, प्रत्येकासाठी वेगळी. रस्त्याकडेला लोक उन्हात उभे. ९ तारखेच्या सभेत एकेक नाव घेऊन घंटा वाजवली. गावातल्या त्यांच्या स्टेशनच्या जाळीच्या कुंपणावर लोकांनी टोप्या, टी-शर्ट, मुलांनी काढलेली चित्रं अडकवली. जाळी दिसेनाशी झाली.

तुमच्याशी जुळणारी गोष्ट मात्र पुढची आहे. १९ पैकी फक्त सहा जण कायम नोकरीतले होते. बाकी १३ हंगामी. आग सगळ्यांना सारखीच लागली, पण वारसांच्या पेन्शनीची वेळ आली तेव्हा फरक निघाला. एका हंगामी मुलाची बायको त्यासाठी बरेच दिवस भांडत होती. त्यावर गावातही दोन तट पडले, लोक अजून त्या विषयावर हळू आवाजात बोलतात.

२०१६ मध्ये तिथे स्मृती उद्यान झालं. डोंगरावरून पायवाट आहे, वाटेवर ठराविक अंतरानं खडकात पाट्या, एकेका माणसाची एकेक, फोटोसकट. चढून दमलं की थांबायचं, तिथे एक चेहरा असतो. कायम कोण, हंगामी कोण हे चालताना मनातही येत नाही. वाट संपते तिथे, ते सापडले त्या जागेभोवती, दगड भरलेल्या १९ जाळ्या उभ्या केल्या आहेत.

रामबागेतला

वाळवंटी, हे सगळं बाबांना सावकाश वाचून दाखवलं. पूर्ण झाल्यावर त्यांनी एकच विचारलं: 'ते काळ्यात का नाही थांबले?' काळं म्हणजे जळून गेलेला भाग, तिथे पुन्हा पेटायला काही उरत नाही, माणूस सुरक्षित असतो.

वाळवंटी

काकांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो इथे सगळे विचारतात. ते काळ्यातच होते. तिथून निघून खाली एका रँचच्या दिशेनं उतरले, मध्ये न जळलेली झुडपं होती. का निघाले याचं उत्तर मिळालं नाही, सांगणारं कोणी उरलं नाही. एका चौकशीनं कुणाचा हलगर्जीपणा नाही म्हटलं. दुसरीनंतर राज्याच्या वनविभागाला साडेपाच लाख डॉलरच्या वर दंड ठोठावला. दोन्ही अहवाल २०१३ मधलेच.

रामबागेतला

आता जे लिहितोय ते मूळ धाग्यात लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. त्या दिवशी 'वरून पट्टा कापा' हे बाबांनी सांगितलं होतं. चौकशी झाली, त्यांना काही झालं नाही. घरी हा विषय कधीच निघाला नाही, काल रात्री स्वतः बोलले. म्हणजे तिसरा प्रश्न दिव्याचा नव्हताच बहुतेक. घरच्यांसमोर जायचं झालं तर त्यांनी हे सांगावं का?

मोठीआई

बाळा, तुझ्या बाबांना सांग, सांगायचं असेल तर ११ तारखेच्या चारचौघांत नको. आधी एकटं जाऊन, जमिनीवर बसून सांगावं. माफी मागायला म्हणून जाऊ नये, नाहीतर त्या बिचाऱ्यांना 'जाऊ द्या साहेब' म्हणणं भाग पडतं. काय झालं तेवढं सांगावं आणि त्यांना बोलू द्यावं.

आणि दिव्याचं म्हणशील तर ज्याला खुपतं त्याच्या डोळ्यांसमोर लावू नये. आईला म्हणावं, देवघरात लाव. ओसरीवर तांब्याभर पाणी ठेव.

नर्मदातीर

मी कुक्षीकडे बरीच वर्षं शिक्षक होतो. वॉचर भिल किंवा भिलाला असतील तर 'नावं कुठेच नाहीत' हे इतक्या लवकर म्हणू नका. अकाली मरण आलेल्या माणसासाठी या गावांत गातला उभा करतात, कोरलेला दगड. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस, बरेचदा रंगवलेला. गावाच्या कडेला, शेताच्या बांधावर असतात. जाऊन पाहा. आणि जाण्याआधी गावच्या पटेलाकडे निरोप धाडा, एकदम गाडी घेऊन दारात उभे राहू नका. सरकारी माणूस आला की लोक आधी जमिनीच्या कागदांचाच विचार करतात.

रामबागेतला

उशिरा लिहितोय, माफ करा. निरोप धाडला आणि आठ दिवसांनी रविवारी गेलो. बाबा, मी आणि 'पदाप्रमाणे' म्हणणारे तेच काका. ते स्वतःहून गाडीत बसले.

नर्मदातीर, गातला आहे. दोघांचेही आहेत, एकाच बांधावर शेजारी. घोडा निळा रंगवलाय. बाबा म्हणाले, घोड्यावर तो जन्मात बसला नव्हता, माझ्या सायकलीच्या कॅरिअरला मात्र बसायचा. दगडाजवळ खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. काकांनी टोपी काढली.

एका वॉचरचा मुलगा भेटला, माझ्याच वयाचा, मिरचीची शेती करतो. बाबांनी मोठीआईंनी सांगितलं तसंच केलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, 'हमको मालूम है, साब. माँ बताती थी.' इतकंच. रागावून नाही, पण 'जाऊ द्या' असंही म्हणाला नाही.

मग बाबांनी मस्टरचा कागद दाखवला. त्याला वाचता येतं. त्यानं वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे नाव त्यांचं नाहीच. मुन्शीनं ऐकलं तसं लिहिलं, दोन अक्षरं भलतीच. म्हणजे बाबा इतकी वर्षं मनात जे नाव घेत होते ते चुकीचं होतं, आणि आम्ही न विचारता ११ तारखेला तेच मोठ्यानं घेतलं असतं. बाबांनी खरं नाव त्याच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतलं, परतताना गाडीत पुटपुटत होते. इथे लिहीत नाही, घरच्यांनी आधी ओसरीवर ऐकू दे.

अंगठ्याचा ठसा त्याला हवा होता. मी झेरॉक्स द्यायला निघालो, बाबांनी मूळ कागदच दिला. झेरॉक्स आमच्याकडे.

तर ठरलं ते असं. क्रम टॉर्चवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे वयाचा, धाकटा आधी. योगायोगानं गार्डच सगळ्यात धाकटा निघाला, बावीस वर्षांचा, म्हणजे काकांचाही क्रम राहिला (हे ऐकून ते हसले). समई देवघरात. ओसरीवर पाणी आणि पळसाच्या तीन हिरव्या डहाळ्या, आग झोडपायला घेतात तशा, ही बाबांची कल्पना.

आता शेवटची मदत. गावाहून अकरा माणसं येतायत, गार्डच्या बहिणीकडचे चार. आईला पुरणपोळी नको वाटते, मला पोहे फार कमी वाटतात. दालबाफले करावे म्हटलं तर इतक्यांचे बाफले घरात शेकणार कसे, अंगणात गोवऱ्या पेटवाव्या लागतील, आणि बाबा आत्ताच म्हणाले की अंगणात काही पेटवायचं नाही. पंचवीस-तीस माणसांचं, घरातल्या गॅसवर होणारं काही सुचवता का?