अंबू बॅग (मास्कमधून श्वास द्यायची हाताने दाबायची पिशवी) दाबली की छातीऐवजी पोट फुगतं, काय चुकतंय?

प्रश्न: सीपीआरच्या (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) सरावात मास्कच्या कडेने हवा सुटते. जोर लावला तर पोट फुगतं. बॅग पूर्ण दाबायची ना?

उत्तर १: अजिबात नाही! मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते, एका श्वासाला ५०० ते ६०० मिली पुरे. एका हाताने, सेकंदभर, छाती जेमतेम उचलेल इतकीच दाबा. झटका दिलात की हवा अन्ननलिकेत शिरते. मग उलटी, आणि ती फुप्फुसात.

उत्तर २: खरी गोची बहुतेकदा मास्क धरण्यात असते. मास्क तोंडावर दाबू नका, जबडा मास्ककडे उचला. अंगठा-तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. ती हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर जीभच मागे ढकलली जाते. माणसं पुरेशी असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. दाढीवाल्यांना तर हेच बरं. एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची वाकडी नळी) घालायचा तर माप ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत.

उत्तर ३: छातीवर ३० दाब, मग २ श्वास, श्वासांसाठी १० सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. दोन्ही बसले नाहीत तरी तिसरा नको, छाती दाबायला लागा. श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर दर ६ सेकंदांना एक श्वास, दाब न थांबवता. घाईत याच्या दुप्पट-तिप्पट दिले जातात, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त घटतं.

प्रश्नकर्ता: ऑक्सिजन किती?

उत्तर १: मिनिटाला १० ते १५ लिटर. मागची रिझर्व्हायर (ऑक्सिजन साठवणारी) पिशवी फुगलेली दिसली पाहिजे. चपटी असेल तर आधी नळी निसटलीय का बघा.